हाफ फाइव्ह म्हणजे किती वाजता?

फेब्रुवारीतली गोष्ट. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात. खाली पॅकहाऊसमध्ये सकाळी सातपासून बायकांच्या हातातल्या कात्र्यांची कचकच चालू, आणि वरच्या केबिनमध्ये मी कागदांच्या ढिगात. दुपारी एकला रॉटरडॅमच्या खरेदीदार साहेबांचा फोन आला. पनेटच्या, म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डब्याच्या, लेबलमध्ये काही बदल करायचे होते, पण आधी त्यांना त्यांच्या माणसांशी बोलून घ्यायचं होतं. म्हणाले, परत फोन करतो, ‘हाफ फाइव्ह, युवर टाइम’. मी वहीत लिहिलं, साडेपाच. लिहिताना थोडी ऐटच वाटली. ‘हाफ पास्ट फाइव्ह’मधला ‘पास्ट’ ब्रिटिश लोक बोलताना गिळून टाकतात, हे मला कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं. बसमध्ये ऐकून ऐकून माझं मीच टिपलं होतं.

साडेचारला मी खाली कोल्ड स्टोरेजमध्ये स्वेटर घालून पॅलेट मोजत होते आणि फोन वर टेबलावर चार्जिंगला. साडेपाचला वही उघडून बसले. पावणेसहा झाले, सहा झाले. मग मेल आली. तीनच ओळी. ठरल्या वेळी तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही, आता लेबलचं उद्या बघू. कंटेनर एक दिवस मागे पडला. शेठ काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघून ‘हं’ म्हणाले. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री घरी मोबाईलवर शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. डच भाषेत ‘हाल्फ फैफ’, म्हणजे शब्दशः ‘अर्धे पाच’, हे साडेचार असतात. जर्मन लोकांचंही तसंच. साहेबांनी त्यांच्या घड्याळातले दुपारचे बारा धरले होते. हिवाळ्यात आपल्यात नि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर, म्हणजे आपले साडेचार. हिशेब त्यांनी चोख केला होता. फक्त सांगताना शब्द इंग्रजी घेतले आणि मोजणी घरची ठेवली. माझंही काही चुकलं नव्हतं; लंडनमधल्या कुणी तेच शब्द वापरले असते तर ते साडेपाचच झाले असते. इंग्रजीच्या घरी आम्ही दोघंही पाहुणे, आणि दोन पाहुण्यांनी यजमानाच्या घड्याळावरून घातलेला हा घोळ.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे आमचे पॅकहाऊसचे सुपरवायझर, निफाडकडचे, स्वतःची तीन एकर बाग. शिक्षण जुनी सातवी. ते काय म्हणाले ते शेवटी सांगते, कारण माझ्या इंग्रजीच्या सगळ्या खटपटीचं सार त्या एका वाक्यात आहे आणि तिथवर पोचायला मला बरीच वर्षं लागली.

मी पंचवटीतली. मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. मराठी शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली. पाचवी ते बारावी आठ वर्षं आणि बी.कॉम.ची तीन, अशा अकरा वर्षांत मी इंग्रजी वाक्य वाचलं, लिहिलं, पाठ केलं, त्याचं पॅसिव्ह केलं, इनडायरेक्ट केलं. ऐकलं मात्र नाही. सर धडा मराठीतूनच समजावून सांगायचे आणि मधूनमधून एखादं वाक्य पुस्तकातून वाचायचे, तेही आमच्यासारखंच. सरांनाही ते कुणी ऐकवलं नसणार. माझं सगळं इंग्रजी असं डोळ्यांनी शिकलेलं. कागद समोर असला की मी राणी, फोन वाजला की घशाला कोरड.

एक्स्पोर्टच्या नोकरीला लागले तेव्हा पस्तिशी उलटली होती. मग रीतसर क्लास लावला. कॉलेज रोडला, तीन महिने, रोज एक तास, ‘फाडफाड बोला’ छापाचा. वर्गात चाळीस जण. रोज एकेकाने उभं राहून ‘मायसेल्फ’पासून सुरुवात करायची. एकदा मी हिशेब मांडला, बी.कॉम. झालेली बाई दुसरं काय करणार. साठ मिनिटं भागिले चाळीस, दीड मिनिट. रविवार आणि सुट्ट्या वजा जाता तीन महिन्यांत माझ्या वाट्याला बोलायला दोन तासही आले नाहीत. उरलेला सगळा वेळ मी इतर एकोणचाळीस जणांच्या चुका ऐकत होते, आणि त्या मात्र पक्क्या पाठ झाल्या. फी परत मिळत नाही हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं. इंग्रजीत.

खरा धडा मिळाला तो बागेत. ऑडिटसाठी एक इंग्रज गृहस्थ आले होते. मी त्यांना मांडवाखालून नेत होते. हात पसरून मोठ्या उत्साहात म्हणाले, ‘दीज आर अवर वाइन्स’. ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि हसून विचारलं, ‘रेड ऑर व्हाइट?’ मला कळेचना. मी म्हटलं, ग्रीन. त्यांना माझ्या वेली दिसत होत्या, पण कानावर दारू पडत होती. नाशिक असल्यामुळे त्यांना ते खरंही वाटलं असेल. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात निदान शंका तरी आली असती.

द्राक्षवेल ती व्हाइन आणि दारू ती वाइन. मला दोन्ही स्पेलिंगं झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. तोंडातून आवाज मात्र एकच निघत होता. त्या रात्री बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिले. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हवा घासत सोडायची, तो व्हाइनचा आवाज. दातांचा संबंध नाही, शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून सोडायचा, तो वाइनचा. आपला मराठी ‘व’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. दात ओठाच्या जवळ जातात, टेकत नाहीत. चंबूही होत नाही. त्यामुळे इंग्रजाला आपल्या दोन्ही शब्दांत बहुतेक दारूच ऐकू येते.

आणि आरशासमोरच लक्षात आलं, हा भेद आपण लिहिताना किती काटेकोर पाळतो! वॉटर, वेटर, वाइन यांना ‘व’. व्हॅन, व्हिसा, टीव्ही यांना ‘व्ह’. हिंदीत बघा, दोन्हीकडे एकच ‘व’. मराठी लिहिणाऱ्यांनी कधीतरी कान देऊन ऐकलं, हे आवाज दोन आहेत म्हणाले, आणि दोन तऱ्हेने लिहायला लागले. ‘बेड’ आणि ‘बॅड’चंही तेच, त्यासाठी आपण डोक्यावर अर्धचंद्र दिला. गाव कुठे आहे ते सांगणारी पाटी आपल्याच लिपीत लावलेली होती आणि मी अकरा वर्षं तिच्या खालून जात-येत होते. तेव्हापासून अडलेला इंग्रजी शब्द मी आधी मराठी पेपरात कसा छापतात ते आठवते. आवाज अगदी हुबेहूब मिळत नाही, पण तो कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

परीक्षा घ्यायला फोन ठेवला. कीबोर्डवरचा माइक दाबायचा, भाषा ब्रिटिश इंग्रजी निवडायची (भारतीय इंग्रजी निवडली तर तो आपल्याला सांभाळून घेतो, परीक्षेतल्या मायाळू बाईंसारखा), आणि एकच शब्द बोलायचा. तो काय टाइप करतो ते बघायचं. पूर्ण वाक्य बोलू नये, संदर्भावरून तो अंदाज बांधतो आणि आपल्याला फुकटचे मार्क मिळतात. मी व्हाइन म्हणत होते आणि त्याने सलग नऊ वेळा दारूच लिहिली. दहाव्या वेळी वेल उगवली. नवरा बाहेरून विचारत होता, ‘आत कुणाशी बोलतेस?’

असंच एक ‘पॅक’चं दुखणं. फोनवर ‘पॅक’ म्हटलं की समोरून विचारायचे, ‘बॅक? कमिंग बॅक?’ इंग्रजी शब्दाची सुरुवात ‘प’, ‘ट’ किंवा ‘क’ने झाली, की त्या आवाजाबरोबर हवेचा एक झोत बाहेर पडतो. आपल्या ‘प’मध्ये तो नसतो, म्हणून त्यांच्या कानाला तो ‘ब’ वाटतो. हे तपासायला पॅकहाऊससारखी जागा नाही. पनेटमध्ये घालायच्या पातळ कागदाची एक पट्टी तोंडासमोर धरायची आणि म्हणायचं, पॅक. पट्टी हलली पाहिजे. तात्यांना करायला लावलं तर त्यांची पहिल्या फटक्यात उडाली, कारण ते जुन्या वळणाने ‘फळ’ म्हणतात, दोन्ही ओठ पूर्ण मिटून, आणि ‘पॅक’लाही तोच सूर लावतात. माझ्या पिढीचा ‘फ’ दातांवर गेला. सातवी शिकलेल्या माणसाच्या तोंडातून इंग्रजांना ‘पॅक’ नीट ऐकू जात होतं आणि बी.कॉम.वालीच्या तोंडातून ‘बॅक’.

आघाताचं मात्र तात्यांना जड गेलं, मलाही. मराठी बोलताना आपण शब्दातल्या प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखंच वजन देतो. पंगतीत वाढल्यासारखं, सगळ्यांना एकेक वाटी. इंग्रजी तसं वाढत नाही. एका अक्षराला ताट भरून आणि बाकीच्यांना चमचाभर. ‘व्हेजिटेबल’ आपण चार भागांत वाढतो. त्यांच्याकडे पहिल्या भागावर दणका आणि पुढचं सगळं कसंबसं, ‘व्हेज्टबल’. आमच्या धंद्यातला मुख्य शब्द घ्या. ‘एक्स्पोर्ट’ हे नाम असेल तर जोर ‘एक्स’वर, क्रियापद असेल तर ‘पोर्ट’वर. ‘रेकॉर्ड’चं तेच, ‘प्रेझेंट’चं तेच. आपण दोन्ही सपाट म्हणतो आणि समोरचा अर्धा सेकंद चाचपडत राहतो.

हे मी तात्यांना शब्दांत सांगून थकले. मग एका दुपारी ते रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसले होते, त्यांना म्हटलं उठा. त्याच क्रेटवर वाजवून दाखवलं. नाशिक ढोल ज्याने लहानपणापासून ऐकलाय त्याला वेगळं काय सांगायचं? एक मोठा ठोका आणि त्याच्या मागेपुढे दबलेले बारीक ठोके. नाम असेल तर धाड्-टक. क्रियापद असेल तर टक्-धाड. तात्या हसायला लागले. मग पाच मिनिटं त्यांनी स्वतः क्रेट बडवला, धाड्-टक, टक्-धाड, आणि ग्रेडिंगच्या टेबलावरच्या बायका कात्र्या थांबवून बघत राहिल्या. एकीने विचारलंही, ‘मिरवणूक कुणाची?’ तेव्हापासून नवा शब्द आला की आमचा प्रश्न ठरलेला असतो. अर्थ नंतर, आधी ठोका कुठे पडतो ते सांगा.

ऐकायला वेळ मिळायचा तो कंपनीच्या बसमध्ये. द्वारकेला सातच्या आत चढायचं, ओझर मागे टाकून पिंपळगावच्या अलीकडे उतरायचं. जाताना पाऊण तास, येताना ट्रॅफिक असेल तर तास. सुरुवातीला मी इंग्रजी बातम्या लावायचे आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात बुडायचे. मग सापडलं व्हॉइस ऑफ अमेरिकेचं स्पेशल इंग्लिश. १९५९ साली त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या बाहेरच्या लोकांसाठी ते प्रसारण सुरू केलं होतं. शब्द साधारण दीड हजार, वाक्यं आखूड, आणि वाचण्याचा वेग नेहमीच्या बातम्यांच्या दोन तृतीयांश. त्यातले जुने भाग नेटवर मिळतात. पाच मिनिटांचा एक भाग घ्यायचा आणि आठवडाभर तोच. लोक इथेच फसतात. रोज नवीन ऐकतात. नवीन ऐकताना कान अर्थाच्या मागे धावतो, आवाजाकडे बघत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्थ पाठ झाला की मग कुठे ऐकू यायला लागतं, की ‘गोइंग टु’ म्हणताना तो बाबा ‘टु’ जवळजवळ म्हणतच नाहीये.

पुढची पायरी, त्याच्या मागून बोलणं. कीर्तनात बुवांच्या मागून झील धरतात तसं. तो वाक्यात पुढे, आपण अर्धा शब्द मागे, थांबायचं नाही, चुकलं तर चुकलं, त्याची चढउतार पकडायची. बसमध्ये हे करायला लाज वाटेल म्हणाल, तर नाशिकच्या बाईला देवाने स्कार्फ दिला आहे. उन्हाचं, धुळीचं निमित्त करून डोळ्यांखालपर्यंत तोंड बांधायचं आणि आत मनसोक्त पुटपुटायचं. ओठ हलताना कुणाला दिसत नाहीत. शेजारी बसणाऱ्या ताईंना दोन वर्षं वाटत होतं की मी स्तोत्र म्हणते. त्या मला आदराने खिडकी सोडायच्या.

वाचायचं कुठून, हा प्रश्न उरला. आमच्याकडे सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचं. तिथे जाऊन मी आधी मोठमोठ्या इंग्रजी कादंबऱ्या आणल्या आणि विसाव्या पानावर परत केल्या. मग अपमान गिळून लहान मुलांच्या कपाटाकडे गेले. वय चाळीस, हातात हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक. तिथल्या काकांनी विचारलं, ‘मुलांसाठी का?’ मी म्हटलं, ‘हो’. मुलगा तेव्हा बारावीला होता. पण त्या पुस्तकांत मला पानाला दोन-तीनच शब्द अडायचे, बाकी वाहत जायचं, आणि मोठ्याने वाचता यायचं. पानाला दहा शब्द अडले की ते वाचन राहत नाही, खडी फोडणं होतं.

शब्दांबद्दल मला एक गोष्ट तालुक्याने शिकवली. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरतात ते औषध. माल अडकला, पैसे अडकले, घराघरांत रडारड झाली. आणि त्या एका हंगामात निफाड-दिंडोरीच्या पारांवर ‘रेसिड्यू’, ‘एमआरएल’ (औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा), ‘डिटेक्टेड’, ‘रिजेक्शन’ हे शब्द असे बोलले जायला लागले की जणू आजीच्या तोंडचे. ज्यांनी शाळेत इंग्रजीला पस्तीस मार्क घेतले त्यांनी. कुणी पाठांतरासाठी शब्दांची कार्डं केली नव्हती, कुणी क्लास लावला नव्हता. शब्द जिथे पोळतो तिथे तो चिकटतो.

मला रोज पोळणारे शब्द कुठले, ते मी वहीत उतरवायला घेतलं. चार्ल्स ऑग्डेन नावाच्या एका इंग्रज विद्वानाने १९३० साली ८५० शब्दांचं ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं होतं, त्यात क्रियापदं जेमतेम अठरा. हे वाचून धीर आला होता. पण ऑग्डेनसाहेबांच्या यादीत मणीगळ कुठली असणार? ती माझी मलाच गोळा करायची होती. मणीगळ म्हणजे ‘शॅटर’. काच फुटते तोच शब्द, पण द्राक्षात मणी देठापासून सुटून पडणं. ‘ब्लूम’ म्हणजे फूल असं शाळेत पाठ केलेलं; इथे तो मण्यावरचा पांढुरका, मेणासारखा थर, जो बोट लागलं की पुसला जातो आणि पुसला गेला की गिऱ्हाईक नाक मुरडतं. देठ तपकिरी होणं, मणी सुरकुतणं, चिरणं, दबणं, प्रत्येकाला वेगळा शब्द. तीनशेच्या आसपास झाले. आणि एकटा शब्द लिहायचा नाही, त्याची सोयरीकही लिहायची. ‘क्लेम’ लिहून भागत नाही. क्लेम ‘रेज’ करतात आणि ‘सेटल’ करतात. मराठीत आपण शपथ घेतो आणि नवस बोलतो, उलट केलं तर लोक हसतात, तसंच.

मग वहीतल्या शब्दांची कार्डं केली आणि ती पनेटमध्ये ठेवली, पाच पनेट. ही युक्ती लाइटनर नावाच्या माणसाची, १९७० च्या दशकातली. त्याने खोकी वापरली होती. पहिल्या पनेटमधली कार्डं रोज बघायची. बरोबर आलं तर कार्ड दुसऱ्यात, तिथली दोन-तीन दिवसांनी बघायची, मग तिसऱ्यात आठवड्याने, असं पुढे. चुकलं की मुकाट्याने परत पहिल्यात. आमच्या ग्रेडिंगसारखंच, फक्त इथे माल मी. ‘शॅटर’ गमतीने कितीदा तरी चौथ्या पनेटमधून पहिल्यात पडला.

मेल लिहिण्यात मात्र चूक वेगळीच निघाली, आणि ती सापडायला सगळ्यांत जास्त दिवस गेले. माझ्या मेलमध्ये व्याकरणाची चूक नसायची, तरी एकदा समोरून उत्तर आलं की तुम्ही रागावला आहात का? मी लिहिलं होतं, ‘सेंड द रिपोर्ट टुडे’. माझ्या मनात होतं, ‘रिपोर्ट आज पाठवा’. त्या ‘पाठवा’मध्ये आपला सगळा मान असतो. ‘पाठव’ आणि ‘पाठवा’, एका कान्याचा फरक, तेवढ्यात सासू आणि नणंद वेगळ्या होतात. इंग्रजीच्या क्रियापदाला हा कानाच नाही. तिथे सगळ्यांनाच ‘सेंड’. मग मान ठेवायचा कुठे? तर वाक्याच्या तोंडाशी, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’. मला आधी हे शब्द म्हणजे उगाच लावलेला मस्का वाटायचे. ते तो हरवलेला काना आहेत हे कळल्यावर एकही मेल त्यांच्याशिवाय गेली नाही.

‘च’चंही असंच. ‘मी सांगितलंच होतं’, ‘मी नाशिकचीच’. आपला ‘च’ इंग्रजीत न्यायचा म्हणून आपण ‘ओन्ली’ लावतो, ‘आय ॲम फ्रॉम नाशिक ओन्ली’, आणि बाहेरच्याला वाटतं ही बाई नाशिक सोडून कुठे गेलीच नाही. इंग्रजीत ‘च’ आवाजात असतो. ज्या शब्दाला मराठीत ‘च’ लागला असता, त्या शब्दावर ढोलाचा मोठा ठोका. बस. हे जमायला लागलं तेव्हा माझी निम्मी ‘ओन्ली’ गळून पडली. निम्मी अजून आहेत.

‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं याबद्दल मी हात टेकलेत. पहिल्यांदा उल्लेख आला की ‘अ’, ओळख झाली की ‘द’, एवढं सांभाळते. बाकी चुकतं. त्यापायी आजवर एकही कंटेनर थांबलेला नाही.

आता तात्यांचं वाक्य. ‘हाफ फाइव्ह’ची गोष्ट त्यांना सांगताना मी चिडून म्हणत होते की अर्धे पाच म्हणजे साडेचार, ही काय मोजायची रीत झाली? तात्या पानाला चुना लावत होते. म्हणाले, ‘त्यात काय ताई, औटासारखं आहे ते.’ मला औट म्हणजे फक्त औटघटकेचं राज्य माहीत. तात्यांना लहानपणी आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीबरोबर औटकीही पाठ करून घेतली होती. औट एके औट, औट दुणे सात. औट म्हणजे साडेतीन. ‘चौथा अर्धा भरलाय, म्हणून साडेतीन,’ तात्या म्हणाले, ‘तुमच्या त्या साहेबाचा पाचवा अर्धा भरला असंल.’

संध्याकाळी वाचनालयात जाऊन कोश काढला. औट आलंय ‘अर्धचतुर्थ’वरून, चौथा अर्धा. आणि आपला रोजचा अडीच ‘अर्धतृतीय’वरून, तिसरा अर्धा. दूधवाल्याला अडीच लिटर सांगताना मी रोज डच पद्धतीने मोजत होते.

पुढच्या हंगामात साहेब स्वतः नाशिकला आले तेव्हा तात्यांची आणि त्यांची ओळख झाली, आणि मग कोल्ड स्टोरेजच्या तापमानाबद्दल वगैरे ते थेट तात्यांनाच फोन करायला लागले. मी वरून जिना उतरत होते तेव्हा एकदा कानावर आलं. तात्या एका हाताने कान दाबून, दुसऱ्या हातात फोन धरून, अख्ख्या पॅकहाऊसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते,

‘हाफ फाइव्ह? ओके, ओके. बट सर, युवर हाफ ऑर इंग्लंड हाफ?’